छातीइतक्या पाण्यातलं कलिंगड

नमस्कार श्रोतेहो.

पावसाची झड लागली की मैदानांचा चिखल होतो आणि पोरं घरात एकमेकांच्या अंगावर धावून जातात. अशा दिवसांत ज्यांच्या जवळपास छताखालचा पोहण्याचा तलाव आहे, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं. हात कसा मारायचा, श्वास कधी घ्यायचा, ते शिकवायला तुमचे प्रशिक्षक आहेत. मी सांगणार आहे ते पाण्यात सगळ्यांनी मिळून खेळायचं कसं, ते.

खेळाआधी एक अट. छातीइतकं पाणी. तुमच्यातला सगळ्यात बुटका खेळाडू जिथे पाय टेकून उभा राहील आणि पाणी त्याच्या छातीच्या वर जाणार नाही, तिथेच खेळायचं. पुन्हा सांगते, सगळ्यात बुटक्याच्या छातीइतकं, उंच दादाच्या नव्हे. आणि एक मोठं माणूस कोरड्या कपड्यांत काठावर, हातात फोन न घेता, फक्त डोकी मोजत. बुडणारं माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण श्वास घ्यायलाच तोंड वर येत नाही. त्यातून छताखाली गलका असा घुमतो की कुणी हाक मारली तरी ती त्यात हरवते. कानांवर विसंबू नका, डोळे ठेवा.

आता खेळ. विषामृत सगळ्यांना येतो. पाण्यात त्याची गंमत दुप्पट होते. ज्याला विष मिळालं त्याने पाय फाकवून जागच्या जागी उभं राहायचं, आणि अमृत द्यायचं तर बुडी मारून त्याच्या पायांमधून पलीकडे निघायचं. पाण्याखाली डोळे उघडायला घाबरणारी मुलं मित्राला सोडवायच्या नादात कधी डोळे उघडतात, त्यांनाही कळत नाही.

दुसरा खेळ आंधळी कोशिंबीर. ज्याच्यावर राज्य, त्याने डोळे मिटून हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. उघड्या तलावात ओ आली त्या दिशेला झेप घेता येते. छताखाली तोच आवाज फरशीवरून, भिंतीवरून, पत्र्यावरून परत येतो आणि राज्य घेणारा भलत्याच कोपऱ्यात जातो. मग हुशार मुलं आवाज सोडून अंगावर येणाऱ्या लाटेवरून माणूस ओळखायला लागतात.

पण माझा जीव आहे तो कलिंगडाच्या खेळावर. त्याची एक गोष्ट सांगतेच.

मे महिना होता. पुण्यात आमच्या ओळखीच्या एका घरी सगळा गोतावळा जमला होता. त्यांच्या सोसायटीत बंदिस्त तलाव आहे. रविवारी सकाळी सगळे पाण्यात, मी शिट्टी घेऊन काठावर. एकीकडे पोरं, एकीकडे मोठी माणसं. नियम साधे: कलिंगड मधोमध सोडायचं आणि समोरच्यांच्या भिंतीला टेकवायचं. ढकला, ओढा, पळवा. पण माणसाला धरायचं नाही आणि कलिंगड उचलून फेकायचं नाही.

पोरांनी बघता बघता चार गुण केले. मामांना धाप लागली. मोठ्यांच्या संघात एक आजी होत्या, वाईच्या माहेरवाशीण. लहानपणी कृष्णेच्या घाटावर पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या. (भोपळ्यावर शिकलेला माणूस पाण्याला कधी बिचकत नाही, हे माझं ठाम मत आहे. हल्लीच्या फुगवायच्या बाह्यांनी मूल तरंगतं, पण पाय मारायला शिकत नाही.) नातू म्हणाला, "आजी, तू भिंतीपाशी थांब, तू गोलकीपर." आजी टोपी कानांवरून ओढून थांबल्या.

मग एकदा भिंतीपाशी मोठी झटापट झाली. सात-आठ जण कलिंगडावर तुटून पडले, पाणी उडालं, आरडाओरडा झाला, आणि कलिंगड नाहीसं झालं. "कुठंय? कुठंय?" पोरं एकमेकांच्या मागे बघतायत, एकाने तर मामाच्या पोटाशी हात घालून पाहिला. या सगळ्या गोंधळाच्या कडेकडेने आजी चालल्या होत्या. मान पाण्याबाहेर, दोन्ही हात मोकळे, पाणी हळूच बाजूला सारत, देवळात प्रदक्षिणा घालावी तशा. चाल मात्र जरा आखूड पडत होती. समोरच्या भिंतीशी पोचल्या, वळल्या, आणि त्यांच्या गुडघ्यांमधून हिरवीगार पाठ अलगद वर आली.

"आजी, चीटिंग!" नातू ओरडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शिट्टी वाजवून गुण दिला. नियमात पाय बसतात. आजी म्हणाल्या, "वर तुम्ही सगळे होतात. खाली कुणीच नव्हतं." त्यानंतर पोरांनी तीच युक्ती करायची ठरवली, आणि पुढचा अर्धा तास तलावात सगळे आखूड पावलांनी चालत होते.

हे कलिंगडानेच जमतं. फुटबॉल साधारण साडेपाच लिटर पाणी बाजूला सारतो आणि त्याचं स्वतःचं वजन अर्धा किलोही नसतं. तो पाण्याखाली दाबला की पाच किलोच्या जोराने वर उसळतो, गुडघ्यांत काय थांबणार! कलिंगडाचं वजन मात्र त्याने सारलेल्या पाण्याच्या जवळपास असतं. म्हणून ते जेमतेम तरंगतं, आणि दाबलं तर सावकाश वर येतं. काही देशांत त्याला व्हॅसलीन फासतात. आपण फासायचं नाही. तो चिकटा पाण्यावर आणि गाळणयंत्रात जातो. ओलं कलिंगड पुरेसं निसरडं असतं.

आणि पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ. बंदिस्त तलावात नाकाला झोंबतो तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीन घामाशी, लघवीशी मिसळून जे तयार होतं, त्याचा तो वास, आणि छताखाली तो कोंडून राहतो. आंघोळ केल्याशिवाय कुणालाही आत सोडू नये, मग तो कितीही मोठ्या हुद्द्यावरचा असो.

जाता जाता मनातलं एक सांगते. 1951 साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने वॉटर पोलोचं, म्हणजे पोहत खेळायच्या चेंडूच्या खेळाचं, सुवर्णपदक मिळवलं. त्याच खेळांत सचिन नाग यांनी 100 मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचं सुवर्ण जिंकलं. आणि आज आपल्या तलावांवर चेंडू दिसला की शिट्टी वाजते! आठवड्यातला एक तास तरी तलाव चेंडूसाठी मोकळा ठेवा, अशी माझी व्यवस्थापकांना कळकळीची विनंती आहे.

एक खेळ मात्र नकोच. कोण जास्त वेळ श्वास रोखतो, ही पैज. भराभर मोठे श्वास घेऊन बुडी मारली की पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते, आणि चांगलं पोहणाऱ्याचीही हरपते. पुन्हा सांगते, श्वास रोखायची पैज नको.

पावसाळ्यात कलिंगड मिळालं नाही तर लाल भोपळा घ्या. तो आतून पोकळ, त्यामुळे जास्त वर तरंगतो आणि पायांत धरून ठेवायला अवघड. देठ टोचतो, तो आधी कापून टाका. असोला नारळ नको, त्याच्या शेंड्या सुटून गाळणीत अडकतात. भोपळा घट्ट, जड आणि कुठेही न चिरलेला बघून घ्या.

नमस्कार.