काळे मणी कागदाच्या पुडीत

(इथं इंग्लंडमध्ये मराठी मंडळींच्या मेळाव्यात बोलले ते थोडंफार नीट करून देतेय, बाकी जसं तोंडातनं आलं तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मी विट्याजवळची, खानापूर तालुका, सांगली जिल्हा. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हंजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, आणि त्यापायी अख्ख्या देशात पांगलेली, कारण पाऊस नाही, शेतात पिकत नाही, मग कोण केरळात, कोण तामिळनाडूत, जिथं जमेल तिथं. आमचे आण्णा, म्हंजे माझे वडील, कोईमतूरला होते. ऍसिडनं त्यांची बोटं कायम पिवळी, साबणानं जायची नाहीत.

आज मला "आपल्या वंशाची माणसं इथल्या राजकारणात" असा विषय दिलाय. तर माजी पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या आजीची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल, १९६६ साली लग्नातले दागिने विकून टांझानियातनं इंग्लंडचं एकटीचं तिकीट काढलं, नवरा-पोरं मागं ठेवली, इथं हिशेबाची नोकरी धरली आणि जवळजवळ वर्षभर पैसे साठवून मग त्यांना बोलावलं. २०२२ ला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा नेता निवडायच्या निवडणुकीत सुनक यांनी याच आजीपासनं सुरुवात केली होती. मी ते ऐकलं आणि मला आण्णांचं दुकान दिसलं. लग्नातला दागिना मोडायला आलेली बाई कशी येते हे मी लहानपणी सुट्टीत तिथं बसून बघितलंय. मंगळसूत्र आलं तर आण्णा आधी काळे मणी सोडवायचे, एकेक, कागदाच्या पुडीत बांधून त्या बाईच्या हातात परत द्यायचे, आणि मगच वाट्या मुशीत, वर टाकणखार, आणि भट्टी. ती बाई भट्टीकडं बघायची नाही, पुडीकडं बघायची. त्यामुळं त्या आजीबद्दल मला मनापासनं आदर आहे, हे आधी सांगते.

आता पुढचं. इथं स्थायिक झालेल्या माणसाला नवरा किंवा बायको बोलवायची तर वर्षाला १८,६०० पौंड कमाई दाखवायला लागायची, ती अट एप्रिल २०२४ मध्ये २९,००० झाली, आणि सरकार होतं त्याच आजीच्या नातवाचं. ती आजी आज हिशेबनीस म्हणून लागली असती तर वर्षभरात घरच्यांना आणू शकली असती का, हा साधा प्रश्न आहे, तो त्यांना कुणी समोर बसवून विचारायला पाहिजे होता.

त्याच पक्षाच्या प्रीती पटेल यांना असा प्रश्न विचारला होता खरं तर. त्यांचे आईवडील युगांडातनं साठच्या दशकात आलेले, आणि २०२० मध्ये त्या गृहमंत्री असताना पॉइंटवाली, म्हंजे नोकरी-पगार बघून गुण देणारी व्हिसा पद्धत आणत होत्या, तेव्हा रेडिओवर विचारलं की तुमच्या आईवडलांना या नियमात येता आलं असतं का, तर त्यांना हो म्हणता आलं नाही, बहुतेक आले नसते हे कबूलच करावं लागलं. त्याच पक्षाचे माजी मंत्री साजिद जाविद यांचे वडील १९६१ ला खिशात एक पौंड घेऊन पाकिस्तानातनं आले, पुढं बस चालवली. आता १९६१ हे साल बघा. कॉमनवेल्थच्या, म्हंजे ब्रिटनच्या जुन्या वसाहतींमधल्या लोकांना रोखायचा पहिला कायदा आला १९६२ ला. म्हंजे कष्ट होतेच, पण दारही उघडं होतं, आणि गोष्ट सांगताना कष्ट सांगितले जातात, दाराचं कुणी बोलत नाही. मला सगळ्यात खटकतं ते हेच.

आणि हे एकाच पक्षाचं नाही. मे २०२५ मध्ये लेबर सरकारनं कायम राहायच्या परवान्यासाठी थांबायची अट पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडला, आणि सप्टेंबरपासनं तो पुढं नेणाऱ्या गृहमंत्री शबाना महमूद यांचे आईवडील काश्मीरच्या पाकिस्तानकडच्या भागातल्या मीरपूरकडनं आलेले. वडील बाहेरनं आले म्हणून मुलानं दार सताड उघडंच ठेवावं असं मी म्हणत नाही, देशाला नियम लागतातच. पण मग घरची गोष्ट मतं मागायला वापरायची नाही. वापरली तर त्या गोष्टीतल्या माणसाला तुमच्या नियमात बसवून दाखवा.

माझी आई गावी एकटी आहे, आण्णा गेले त्याला सहा वर्षं झाली. २०१२ च्या नियमानं म्हाताऱ्या आईबापांना इथं कायमचं आणायचं तर त्यांना अंघोळ, कपडे, स्वयंपाक सुद्धा स्वतःचं स्वतः जमत नाही हे दाखवायचं, आणि वर तिथं पैसे देऊनही कुणी सांभाळणारं मिळत नाही हेही दाखवायचं. आई अजून भाकऱ्या थापते, म्हणून नियमात बसत नाही. उद्या थापता येईना झालं तर म्हणतील बाई ठेवा, पैसे पाठवा. या सभागृहात असे किती जण आहेत, हात वर करा म्हटलं तर मला माहितीय काय होईल. (इथं खरंच हात वर झाले, निम्मं सभागृह.)

एक गोष्ट आपल्यातली पण बोलते, राग मानू नका. आपल्या ग्रुपवर छोट्या बोटीतनं समुद्र ओलांडून इथं आसरा मागायला येणाऱ्यांना हाकला असले मेसेज फिरतात आणि खाली अंगठे. गावी गेले की तेच, आमच्या चुलतभावाच्या द्राक्षबागेत छाटणीला बिहारची पोरं आहेत, पत्र्याच्या खोलीत सहाजण, आणि कुठं काही चोरीला गेलं की पहिलं नाव त्यांचं. कोईमतूरला कुठं चोरी झाली की पोलिस पहिले परगावच्या गलाईवाल्याकडं यायचे, आण्णा रात्र रात्र चौकीत बसलेत. मी चुलतभावाला हे सांगितलं. तो गप्प बसला, पण त्या पोरांना खोलीत पंखा त्यानं बसवला.

तर मागणं एवढंच. गणपतीला आपल्याकडं खासदार, उमेदवार सगळे येतात, मोदक खातात, कुणाचे तरी आजोबा कुठनं तरी आलेले असतात ते सांगतात, आपण टाळ्या वाजवतो. यंदा टाळ्या झाल्या की माईक मला द्या. आईबापांच्या नियमावरचा आणि त्या २९,००० वरचा असे दोन प्रश्न मी लिहून ठेवलेत, उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही, आणि ज्यांनी आत्ता हात वर केले त्यांनी तेव्हा माझ्या मागं उभं राहायचं.