जुनी स्टीलची सायकल: स्वस्त कुठे, महाग कुठे

(इंग्लंडमधल्या मराठी सायकलप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, 1970 ते 1990 या काळातल्या स्टीलच्या रोड सायकली इथे आजही गॅरेजांत धूळ खात पडलेल्या सापडतात. रॅले, क्लॉड बटलर, प्यूजो ही नावं जाहिरातींत हमखास दिसतील. अशी सायकल परवडणार की नाही, हे मागितलेल्या किमतीवरून कळत नाही. ते विकणाऱ्याच्या दारात, पहिल्या दहा मिनिटांत ठरतं. म्हणून आज दुरुस्तीपेक्षा पारखण्यावर जास्त बोलणार आहे.

सोबत सहा मिमीची ॲलन की, पान्हा आणि जाड दोरा न्या. सगळ्यात आधी सीटपोस्टचा (सीटखालच्या दांड्याचा) बोल्ट सैल करा आणि सीट फिरवून बघा. मग हँडलच्या स्टेमचा (हँडल सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याचा) वरचा बोल्ट तीन-चार आटे उघडून त्याच्यावर लाकडाचा तुकडा ठेवा, हलकेच ठोका आणि स्टेम हलतो का बघा. दोन्ही हलले तर निम्मी काळजी मिटली. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं ओलसर राहिला की दोन धातूंच्या संपर्कामुळे गंजतो, फुगतो आणि नळीला घट्ट धरून बसतो. मग जिरणारं तेल रोज सोडा, सांगाडा उलटा करून खालूनही सोडा, तरी सुटेलच याची खात्री नाही. जोर लावताना नळ्यांच्या जोडावरचं आवरण, म्हणजे लगच फाटला तर सांगाडा भंगारात गेला. अशी सायकल फुकट मिळाली तरी मी घ्या म्हणणार नाही.

सीटपोस्ट निघाला की त्याच्यावर कोरलेला आकडा वाचा. 27.2 मिमी असेल तर नळीची भिंत पातळ, म्हणजे सांगाडा चांगल्या प्रतीचा. 26 च्या खाली असेल तर जाड, साधं स्टील. फ्रेंच सायकलींना हा हिशोब लागू नाही, कारण त्यांची नळीच बाहेरून 28 मिमी असते, 28.6 नाही. रेनॉल्ड्स 531 चं स्टिकर असेल तर नीट वाचा. मँगनीज-मॉलिब्डेनमचं हे पोलाद 1935 पासूनचं आणि उत्तमच, पण काही स्टिकरांवर फक्त तीन मुख्य नळ्यांचा उल्लेख असतो. तिथे चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आणि मागचे दांडे साध्या स्टीलचे असू शकतात.

आता अपघाताची खूण. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. सुरकुती लागली किंवा रंगाला आडवी चीर दिसली, तर सायकल समोरून कशाला तरी आदळलेली आहे. मग दोरा एका मागच्या ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन-तीन मिमी फरक चालतो. रंगावरचा तांबूस गंज घाबरण्यासारखा नसतो; बॉटम ब्रॅकेटखाली (पॅडलचा आस फिरतो त्या नळीखाली) स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर पत्रा दबला, तर मात्र परत फिरा.

दुसरा खर्चिक सापळा आट्यांचा. ब्रिटिश बॉटम ब्रॅकेटला इंचाला 24 आटे असतात आणि उजव्या बाजूचे उलटे. पण रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कित्येक सायकलींना 26 आटे आहेत, त्यांत आजचं बेअरिंगसकट तयार मिळणारं कार्ट्रिज बसत नाही. जुन्या फ्रेंच सायकलींना 35 मिमी व्यास, एक मिमीचे आटे आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू सुलट. अशा ठिकाणी मूळ कप (छर्‍यांच्या वाट्या) आणि स्पिंडल (मधला आस) जपा, फक्त छर्रे बदला: प्रत्येक बाजूला पाव इंची 11. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) पाव इंची, बाजूला 9. पुढच्या हबला बहुधा 3/16 इंची, बाजूला 10. छर्रे स्वस्त असतात, जुने परत घालू नका. कपात किंवा कोनावर (हबच्या आसावरच्या निमुळत्या नटावर) खड्डे पडलेले असतील, तर नवे छर्रेही खरखरतीलच.

क्रँक (पॅडलचा दांडा) कॉटरचा, म्हणजे स्पिंडलवर आडव्या खिळीने अडकवलेला असेल तर सावकाश. आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलींना हाच असतो, त्यामुळे बऱ्याच जणांनी तो हातोड्याने ठोकताना पाहिला असेल. आधाराशिवाय ठोकलं की प्रत्येक घाव स्पिंडलमधून छर्‍यांवर जातो आणि कपात खळगे पडतात. क्रँकखाली जमिनीवर टेकलेला पोकळ पाइप उभा करा, नट कॉटरच्या टोकाशी समपातळीत ठेवा आणि एकच ठाम घाव घाला. शक्य असेल तर प्रेसनेच काढा. नवा कॉटर बहुतेक ब्रिटिश क्रँकांना 9.5 मिमीचा लागतो. दोन्हींची सपाट बाजू सारखीच घासा आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने बसवा, नाहीतर पॅडल एका रेषेत येत नाहीत.

चाकं. क्रोमच्या स्टील रिमवर पावसात ब्रेक जवळजवळ लागत नाही, आणि इंग्लंडात पाऊस काही सुट्टी घेत नाही. पैसे घालायचे तर इथे घाला: ॲल्युमिनियमची रिम आणि चांगले ब्रेक-शू. 27 इंची रिमचा टायर 630 मिमीवर बसतो, आजच्या 700सी मापाच्या रिमचा 622 वर. बदललंत तर ब्रेक-शू चार मिमी खाली सरकवावे लागतात, म्हणून आधी ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का बघा. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर पाच गिअरना 120, सहा-सातला 126 मिमी असतं. आजच्या चाकासाठी स्टील ताणून 130 करता येतं, पण कमी खर्चात काम हवं असेल तर फ्रीव्हीलच (मागच्या हबवर आट्यांनी बसणारा दात्यांचा संच) ठेवा. जुनं फ्रीव्हील काढायचं असेल तर आऱ्या सोडवण्याआधी काढा. एकदा नुसता हब हातात आला की तो पकडायला काहीच राहत नाही.

चेनच्या 12 इंचांत 1/16 इंच वाढ झाली असेल तर चेन बदला. 1/8 झाली असेल तर फ्रीव्हीलचे दातही गेलेले असतात. केबल, त्यांची आवरणं, ब्रेक-शू, टायर-ट्यूब हे सगळं नवंच घ्यायचं, म्हणून त्याची किंमत आधीच मागितलेल्या किमतीत मिळवून मग सौदा करा.

बांधून झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर कॉटरचे नट किंवा क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा. सैल क्रँक चालवला की स्पिंडलवर बसणारं क्रँकचं छिद्र रुंदावतं, आणि मग कितीही आवळला तरी तो क्रँक घट्ट बसत नाही.