निरोपापासून सुरू होणारा आठवडा

(उपवासकाळात एका कॅथलिक धर्मग्रामातील, म्हणजे पॅरिशमधील, भाविकांपुढे दिलेले व्याख्यान. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

बंधूभगिनींनो,

मिस्सा, म्हणजे आपली सामूहिक उपासना, संपताना धर्मगुरू जे शेवटचं वाक्य म्हणतात, तिथून मी सुरुवात करतो. आपलं सगळ्यात कमी लक्ष त्याच वाक्याकडे असतं. तोवर कुणी गीतांचं पुस्तक मिटलेलं असतं, कुणी मुलाचा हात धरून उभं असतं, कुणाच्या मनात दिवसभराच्या कामांची जुळवाजुळव सुरू झालेली असते. लॅटिनमध्ये ते वाक्य आहे, 'इते, मिस्सा एस्त'. म्हणजे, जा, तुम्हाला निरोप दिला आहे. ज्या विधीला आपण मिस्सा म्हणतो त्याला हे नाव त्या निरोपावरून मिळालं. ह्या विधीत शास्त्रवाचन आहे, अर्पण आहे, ख्रिस्तशरीराचा, म्हणजे अर्पण केलेल्या पवित्र भाकरीचा, स्वीकार आहे, पण नाव पडलं ते पाठवणीवरून. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००८ साली ह्या निरोपाची आणखी काही रूपं मंजूर केली. त्यांतल्या एकाचा अर्थ असा : आपल्या जीवनाने प्रभूचा गौरव करीत शांतीने जा.

मी बरीच वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो आहे. मोठी माणसं एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगतात. "दर रविवारी येतो, मिस्सा चुकवत नाही, पण आतून काही वाढ झाल्यासारखी वाटत नाही." ही तक्रार प्रामाणिक आहे आणि ती मी स्वतःही केली आहे. आज माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ती वाढ रविवारच्या एका तासात शोधत बसतो. रविवारी पेरणी होते. जे उगवायचं ते सोमवार ते शनिवारात उगवतं, आणि तेही बहुतेक वेळा आपण न निवडलेल्या माणसांच्या संगतीत.

रविवारचं महत्त्व मी कमी करतो आहे असं कृपया समजू नका. इसवी सन ३०४ मधली गोष्ट आहे. सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांच्या एकत्र जमण्यावर बंदी घातली होती. उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, अबितिना नावाच्या गावी ४९ जण रविवारच्या उपासनेसाठी घरात जमत राहिले. पकडून त्यांना कार्थेजला नेलं. त्यांच्यातल्या एमेरितुसला विचारलं, ह्या लोकांना तू घरात का घेतलंस? तो म्हणाला, "ते माझे भाऊ आहेत, मी त्यांना अडवू शकत नव्हतो." आणि पुढे म्हणाला, "प्रभूच्या ह्या भोजनावाचून आम्हाला राहता येत नाही." त्यातलं दुसरं वाक्य प्रसिद्ध आहे. मला मात्र पहिलं वाक्य सोडवत नाही. मृत्यू समोर असताना त्या माणसाने आधी भावांची गोष्ट काढली, मग भोजनाची. त्याच्या मनात ह्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

आता आठवड्याकडे येऊ या.

सगळ्यात सोपी सवय आधी सांगतो : येत्या रविवारची वाचनं आधीच वाचून ठेवा. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ च्या आगमनकाळापासून (नाताळआधीच्या आठवड्यांपासून), रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र सुरू झालं. एक वर्ष मत्तयच्या शुभवर्तमानाचं (येशूच्या जीवनकथेचं), एक मार्कच्या, एक लूकच्या. योहानचं शुभवर्तमान पुनरुत्थानकाळात येतं, आणि मार्कच्या वर्षी सलग पाच रविवार त्याचा सहावा अध्याय, जीवनाच्या भाकरीचा. म्हणजे एखादा उतारा आज ऐकला की तो बहुधा तीन वर्षांनीच रविवारी पुन्हा समोर येतो. उतारा तोच असतो, ऐकणारा तो राहिलेला नसतो. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घ्या. दिवसभर राबलेल्याला जेवढी मजुरी, तेवढीच शेवटच्या तासाला आलेल्याला. तरुणपणी तो ऐकून मला त्या मालकाचा राग यायचा. हिशेबच चुकीचा वाटायचा. पुढचं मत्तयचं वर्ष आलं तेव्हा माझी नोकरी गेलेली होती. पाच महिने मी दारोदार अर्ज देत फिरत होतो. त्या रविवारी मला एकच ओळ ऐकू आली. मालक विचारतो, "तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे आहात?" आणि ते म्हणतात, "कारण आम्हाला कुणी कामावर लावलं नाही." त्यांचं दिवसभराचं उभं राहणं मला तोवर कधी दिसलंच नव्हतं. प्रवचनात त्या दिवशी काय सांगितलं ते आठवत नाही. आधी घरी वाचून गेलो नसतो, तर कदाचित ती ओळही निसटली असती.

प्रवचनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ते आठ मिनिटांपेक्षा लांबू नये असं पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये सांगितलं होतं. आपण ते धर्मगुरूंना आनंदाने ऐकवतो. पण त्या आठ मिनिटांतलं काही बुधवारपर्यंत आपल्याजवळ उरतं का, हे आपणही स्वतःला विचारायला हवं.

रोजच्या मिस्सेला मोजकी माणसं असतात, तीच ती. नोकरी आणि लहान मुलं सांभाळणाऱ्यांना रोज येणं जमणार नाही, आणि त्याचं ओझं कुणी मनावर घेऊ नये. पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. चर्चच्या कायदेसंहितेतील ५३४ व्या कलमानुसार, प्रमुख धर्मगुरूंनी दर रविवारी आणि बंधनकारक सणांच्या दिवशी एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातल्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करायची असते. ती मिस्सा दुसऱ्या कुणाच्या नावाने अर्पण करता येत नाही. ती मिस्सा येणाऱ्यांसाठी असते, न येणाऱ्यांसाठी असते आणि वर्षानुवर्षं रुसून बसलेल्यांसाठीही असते. तुमचं नाव कुणी पुकारत नसेल, तरी दर आठवड्याला तुम्ही त्या वेदीवर असता. हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ बाकावरून उठलो नव्हतो.

आराधनेबद्दल, म्हणजे ख्रिस्तशरीरासमोर शांत बसून राहण्याबद्दल, मी थोडंच बोलणार आहे, कारण ती बोलण्याची गोष्ट नाही. संत जॉन व्हियानी १८१८ मध्ये फ्रान्समधल्या आर्स गावात धर्मगुरू म्हणून आले. ते जेमतेम दोनशे-अडीचशे वस्तीचं खेडं होतं. तिथला एक शेतकरी चर्चमध्ये नुसता बसून राहायचा. काय करतोस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो." आठवड्यातली पंधरा मिनिटं त्या शेतकऱ्यासारखं बसून पाहा. पहिली दहा मिनिटं डोक्यात बाजार भरेल. भरू द्या.

आता धर्मग्राम ह्या शब्दाविषयी. युरोपीय भाषांत त्यासाठी जो शब्द रूढ आहे तो 'पारोइकिया' ह्या ग्रीक शब्दावरून आला. अर्थ आहे परक्या ठिकाणी तात्पुरती वस्ती करून राहणं. म्हणजे आपण सगळे इथे मुक्कामाला थांबलेले वाटसरू. आणि धर्मग्राम साधारणपणे भूभागावरून ठरतो. त्या हद्दीत जो राहतो तो आपला. मित्र आपण निवडतो, मंडळंही निवडतो. धर्मग्रामातली माणसं मात्र आपल्याला दिली जातात. चढ्या आवाजात गाणारी, प्रत्येक बैठकीत जुनाच विषय उकरून काढणारी, आपल्याशी एकेकाळी भांडलेली, सगळी त्याच रांगेत ख्रिस्तशरीर घ्यायला उभी असतात. मला वाटतं, प्रभूने ही व्यवस्था जाणूनबुजून केली आहे. माणसं निवडायची मुभा असती, तर मी स्वतःसारख्यांचाच एक गट केला असता आणि आहे तिथेच राहिलो असतो.

ह्याचा धडा मला दानाची रक्कम मोजताना मिळाला. रविवारी मिस्सेनंतर आम्ही दोघे ती मोजत असू. माझा जोडीदार कमी बोलणारा, जरा तुटक. एका रविवारी बेरीज जुळेना. मी तिथेच, आणखी चार माणसांच्या देखत म्हणालो, "मी पिशवी सोडून कुठे गेलो नव्हतो." वाक्य साधं होतं, रोख सगळ्यांना कळला. तो काहीच बोलला नाही. मंगळवारी वही पाहताना लक्षात आलं की एक आकडा मीच चुकीच्या रकान्यात लिहिला होता. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली आणि प्रकरण मिटलं असं समजलो. पण शनिवारी पापनिवेदनाला गेलो तेव्हा धर्मगुरूंनी एकच प्रश्न विचारला : "माफी कितीजणांसमोर मागितलीत? आणि संशय कितीजणांसमोर बोललात?" दुसऱ्या दिवशी त्या चौघांसमोर मी माझी चूक सांगितली. माझ्या जोडीदाराने मान वर न करता म्हटलं, "ठीक आहे. दुसरी पिशवी मोजायची राहिली आहे." आम्ही ती मोजली. त्यानंतर मिस्सेत शांतीची खूण देताना मी आधी त्याच्याकडे वळतो.

वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावं हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. ती किमान मर्यादा आहे. महिन्यातून एकदा जाणाऱ्याला आपल्या चुकांची नेहमीची वाट ओळखू येते. वर्षातून एकदा जाणारा बहुधा ठळक तेवढ्याच गोष्टी सांगून येतो, आणि माझ्या त्या वाक्यासारखी वाक्यं विसरली जातात.

लहान ख्रिस्ती समूहांमध्ये बायबलच्या वचनावर एकत्र मनन करण्याची सात पायऱ्यांची पद्धत अनेकांनी अनुभवली असेल. ती दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत घडवली गेली. तिसऱ्या पायरीवर प्रत्येकाने मनाला भिडलेला शब्द किंवा लहानसा वाक्यांश नुसता मोठ्याने उच्चारायचा असतो. स्पष्टीकरण द्यायचं नाही, उपदेश तर नाहीच. आपल्याला तेच अवघड जातं. एकाने शब्द उच्चारला की दुसरा लगेच त्यावर छोटं प्रवचन देतो, आणि ज्या बाईने अजून तोंड उघडलेलं नाही ती आज पुन्हा गप्प राहते. ही पायरी जपा. शिकलेला-न शिकलेला हा भेद तिथे पुसला जातो. सहाव्या पायरीवर विचारलं जातं की आता आपल्याला करायचं काय. तिथे 'प्रेमाने वागू या' असं ठरवून उठू नका. कुणाच्या घरी, कोणत्या दिवशी, कोण जाणार, हे ठरलं तरच ती पायरी पूर्ण झाली. एक समूह वर्षभर फक्त एवढंच करत होता : दर आठवड्याला एक घर, दोन माणसं, अर्धा तास. फ्रेडरिक ओझानाम विशीत होते तेव्हा, १८३३ मध्ये, पॅरिसमध्ये सोबत्यांसह गरिबांच्या घरी जाऊ लागले. त्यातूनच संत विन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली.

सुमारे इसवी सन १५५ मध्ये संत जस्टिन यांनी रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलं की आमचे लोक रविवारी काय करतात. सगळे एका ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी आणि प्रवक्त्यांचे लेख वाचले जातात, प्रमुख बोध करतात, भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो. मग दोन गोष्टींचा उल्लेख येतो. जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांच्यासाठी वापरलं जातं. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक ख्रिस्तशरीर घेऊन जातात. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या रविवारीही बाकावर न दिसणाऱ्याची आठवण ठेवलेली होती.

ते काम गेली काही वर्षं मला मिळालं आहे. रविवारच्या मिस्सेनंतर मी काही आजारी माणसांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन जातो. वाटेत कुणाशी गप्पा मारायला थांबत नाही. घरात मेणबत्ती लावलेली असते. आम्ही शुभवर्तमान वाचतो, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणतो, आणि ती व्यक्ती ख्रिस्तशरीर स्वीकारते. नंतर थोडी शांतता. त्यांतल्या एक आजी तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. एकदा त्यांनी विचारलं, "माझ्या जागेवर आता कोण बसतं? डावीकडची तिसरी रांग, कडेची."

मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं त्या रांगेजवळून गेलो होतो, पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी पाहिलं. एक तरुण आई तान्ह्या बाळाला घेऊन तिथे बसली होती, एकटीच. मी तिच्याशी बोललो. नुकतीच इथे राहायला आली होती आणि अजून कुणाला ओळखत नव्हती. हे मी आजींना जाऊन सांगितलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बाळ रडलं तर तिथून पटकन बाहेर जाता येतं." मग त्यांनी उशीजवळची जपमाळ हातात घेतली आणि बाळाचं नाव विचारलं.