मलपृष्ठावरचा हिशेब

मंडळी, नमस्कार. आत येताना दारातच एका काकांनी मला विचारलं, "पंक म्हणजे केस उभे करून ओरडणारी मुलं ना?" होय काका, तीच मुलं. सत्तरच्या दशकातल्या एका झपाटलेल्या रॉक संगीताचं नाव पंक, आणि ते वाजवणारी ही मुलं. केस उभे होते, ओरडणं होतं, कपड्यांना सेफ्टी पिनाही होत्या. त्याचे फोटो तुम्हाला कुठेही सापडतील. मी मात्र आज तुम्हाला एका रेकॉर्डचं पाकीट वाचून दाखवणार आहे.

साल १९७८. लंडनमधल्या एका बळकावलेल्या रिकाम्या घरात राहणाऱ्या तरुणांचा बँड, नाव स्क्रिटी पोलिटी. त्यांनी आपली पहिली सात इंची रेकॉर्ड स्वतःच काढली आणि तिच्या पाकिटावर खर्च छापला. स्टुडिओचे १४ तास, ९८ पौंड. मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती काढतात तो मूळ साचा, कापायला इतके. अडीच हजार प्रती काढायला इतके. रेकॉर्डवर चिकटवायच्या लेबलांना इतके. शिवाय ही कामं कुठे करून मिळतील तेही.

लग्नाच्या पंगतीत मसालेभात वाढता वाढता आचाऱ्याने मसाल्याचं प्रमाण सांगितलंय, वर तो कुठल्या दुकानातून आणला तेही सांगितलंय, असं कधी पाहिलंय तुम्ही? धंद्याचं गुपित सांभाळायचं असतं. या मुलांनी ते पाकिटावर छापून विकलं. पंकने जगाला जे दिलं त्यात सगळ्यांत मोलाचा मला हा हिशेब वाटतो, आणि आजचं माझं सगळं बोलणं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

दोन वर्षं मागे जाऊ. जुलै १९७६. मार्क पेरी हा १९ वर्षांचा मुलगा लंडनमध्ये बँकेत कारकून होता. अमेरिकेतल्या रमोन्स या बँडने त्याला झपाटलं होतं आणि त्याबद्दल मनासारखं काही वाचायला मिळत नव्हतं. मग त्याने घरातला लहान मुलांचा टाइपरायटर काढला, मथळे जाड स्केचपेनने हाताने लिहिले आणि पानं झेरॉक्स करून एका कोपऱ्यात पिन मारली. नाव ठेवलं 'स्निफिन ग्लू', रमोन्सच्याच एका गाण्यावरून. पहिल्या अंकाच्या साधारण ५० प्रती निघाल्या. वर्षभरात हा आकडा हजारोंवर गेला. बँकेची नोकरी कधीच सुटली होती. त्याच्या अंकांत खाडाखोड तशीच आहे, शुद्धलेखनाच्या चुका तशाच आहेत. अंक हातात घेतला की वाटतं, हे तर मलाही जमेल. पेरीने ते वाचकांना स्पष्ट लिहूनही टाकलं: आमचं वाचून समाधान मानू नका, स्वतःचा अंक काढा. आणि वितरण वाढत असताना, १९७७ मध्येच, त्याने आपला अंक बंद केला. चालतं दुकान बंद करायला काय लागतं, ते दुकानदारालाच माहीत.

याच सुमाराला, १९७७ च्या सुरुवातीला, 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्या एका छोट्या अंकात गिटारवर बोटं कुठे ठेवायची त्याच्या तीन आकृत्या छापून आल्या. ए, ई आणि जी हे तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे जुळवे. सोबत मजकूर एवढाच: हा एक कॉर्ड, हा दुसरा, हा तिसरा, आता बँड काढा. हे चित्र पुष्कळ ठिकाणी 'स्निफिन ग्लू'च्या नावावर खपवलं जातं. ते चूक आहे आणि मला ते खटकतं, कारण ज्याचं काम त्याचं नाव हवं.

मँचेस्टरच्या बझकॉक्सनी घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाने काढली. तिच्या पाकिटावर प्रत्येक गाण्यापुढे लिहिलंय की ते कितव्या टेकचं, म्हणजे कितव्यांदा वाजवून मुद्रित केलेलं आहे आणि त्यावर नंतर काही चढवलंय का. एक गाणं तिसऱ्या टेकचं, बाकीची पहिल्याच. म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की यात काही जादू नाही. मुलं उभी राहिली, वाजवलं, झालं. डेस्परेट बायसिकल्स या बँडने तर रेकॉर्डला १५३ पौंड लागले हे जाहीर केलं आणि गाण्यातच ओरडून सांगितलं: सोपं होतं, स्वस्त होतं, जा, तुम्हीही करा.

आता समुद्रापलीकडे, वॉशिंग्टनमध्ये. हा प्रसंग माझा सगळ्यांत आवडता, म्हणून जरा सविस्तर सांगते. १९८० साल. टीन आयडल्स नावाचा शाळकरी वयाच्या मुलांचा बँड. कार्यक्रमांतून मिळालेले पैसे त्यांनी वाटून न घेता एका डब्यात साठवले होते, साधारण ६०० डॉलर. बँड मोडला. डबा फोडून आपापला वाटा घेऊन घरी जाता आलं असतं. त्यांनी ठरवलं, या पैशांतून रेकॉर्ड काढू; आपण होतो याची खूण राहील. पण रेकॉर्डचं पाकीट कसं बनवतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एका रेकॉर्डचं पाकीट चिकटवलेल्या कडांपासून अलगद सोडवलं, सपाट केलं आणि कागदावर त्याची रेघ मारून घेतली. तसा आकार छापून आणला. मग घरात बसून कात्रीने कापायचं, दुमडायचं, गोंद लावायचा. हजार प्रती. आपल्याकडे शिवणकाम शिकणारी मुलगी जुनं पोलकं उसवून त्यावरून बेतते, अगदी तसं. त्यातून उभं राहिलेलं डिस्कॉर्ड हे लेबल आजही चालू आहे.

'मॅक्झिमम रॉकनरोल' हे अमेरिकेतलं पंकचं मासिक १९८२ पासून २०१९ पर्यंत छापील निघत होतं. ब्राझील, पोलंड, जपान अशा ठिकाणचे वाचक आपल्या गावात कोण वाजवतंय ते त्यात लिहून पाठवत. १९९१ च्या सुमाराला अमेरिकेतल्या ऑलिंपिया गावी कॅथलीन हॅना, टोबी वेल आणि त्यांच्या मैत्रिणींनी याच झेरॉक्सवर रायट गर्ल या पंकमधल्या मुलींच्या स्त्रीवादी चळवळीचे अंक काढले. शरीराबद्दल, बळजबरीबद्दल, जे घरात बोलता येत नव्हतं ते या मुली लिहीत आणि टपालाने अनोळखी मुलींना पाठवत. आज त्यातले कित्येक कागद न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेत.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हे आधीच झालं होतं. झालं होतं. 'शब्द' हे अनियतकालिक, म्हणजे ठरावीक मुदतीशिवाय स्वतःच काढलेला छोटा अंक, १९५४ चं, अशोक शहाण्यांचं 'असो' १९६३ चं, पुढे राजा ढाल्यांचं 'येरू', 'आत्ता'. गिटार नव्हती, पण कुणाचं छापायचं हे ठरवणारे तुम्ही कोण, हा सवाल तोच होता. या अनियतकालिकांचं ऋण मी मानते. त्यांच्याच वाटेवर आम्हीही कॉलेजात एक सायक्लोस्टाइल अंक काढला. मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करताना 'ठ' जोरात बसला की त्याचं पोट गळून पडायचं आणि छपाईत तिथे काळा ठिपका उमटायचा. तो लाल वार्निश लावून बुजवायचा, फुंकर घालून वाळवायचा, पुन्हा हलक्या हाताने मारायचा. दुसऱ्या अंकाला चाळिसाव्या प्रतीवर स्टेन्सिल फाटली आणि आम्ही रात्रभर जागून नवी केली.

मला आजही लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या अंकांत आम्ही कवितेबद्दल लिहिलं, राजकारणाबद्दल लिहिलं, जगाबद्दल लिहिलं. अंक काढायचा कसा, शाई कुठे मिळते, रिमला किती पडतात, यावर एक ओळ लिहिली नाही. आम्ही बाहेर पडलो. मागून आलेल्या मुलांनी पहिल्यापासून सगळ्या चुका केल्या आणि दोन अंकांत थकली. मलपृष्ठ कोरं होतं आमचं. चार ओळींची जागा होती तिथे.

आता आजचं. मुंबईत २०१७ पासून बॉम्बे झीन फेस्ट भरायला लागला. झीन म्हणजे असेच स्वतः काढलेले छोटे अंक. मुलंमुली टेबलावर आपापल्या पुस्तिका मांडून बसतात, विकतात, बदलून घेतात. रिसो नावाच्या ज्या छपाईच्या यंत्राचं आज या मंडळींना फार वेड आहे, त्याच्या आत काय चालतं सांगू? मास्टर म्हणजे इथे स्टेन्सिलचा पातळ कागद; त्याला बारीक भोकं पडतात, तो शाईच्या ड्रमवर गुंडाळला जातो, ड्रम फिरतो. म्हणजे आपल्या सायक्लोस्टाइलचीच नात. फोनवर सगळं फुकट लिहिता येत असताना ही मुलं कागदाकडे का वळतात, असं मी एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, "हे मी ज्याला देते, त्याचा चेहरा मला दिसतो."

बोलणं पुष्कळ झालं. प्रत्येक खुर्चीवर एक ए-फोर कागद ठेवलाय, तो घ्या. लांबीला समांतर अर्धी घडी घाला, उघडा. आता रुंदीला समांतर अर्धी, मग पुन्हा तशीच अर्धी. उघडा, आठ चौकोन दिसतील. रुंदीला समांतर असलेली मधली एकच घडी ठेवा आणि दुमडलेल्या बाजूने, मधल्या आडव्या रेघेवर, पहिल्या उभ्या घडीपर्यंत कात्री चालवा. पुढे नको, थांबा. कागद पूर्ण उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, चीर उघडेल, पानं एकमेकांवर मिटवा. आठ पानांची पुस्तिका झाली, पिन न मारता. सगळा मजकूर एकाच बाजूला येतो, म्हणून एकपाठ झेरॉक्स पुरते. आमच्या गल्लीत ती दोन रुपयांना मिळते. शंभर प्रतींचे दोनशे. हाच हिशेब मी माझ्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलाय, घडीच्या आकृतीसकट. ती दारापाशी ठेवलीय, जाताना घेऊन जा. कात्र्या दहाच आहेत, तेव्हा पहिल्या रांगेचं झालं की मागे द्या.