आईची वही

ही वही बघा. लाल पुठ्ठा, आत आईचं अक्षर: तारीख, फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर), पीपी (जेवणानंतरची). बावीस वर्षं तिने सासूची, म्हणजे माझ्या आजीची, शुगर अशी जपली. आकडा चढला की घरात चौकशी सुरू. पेढा कुणी दिला?

हे पान गेल्या आषाढातलं. फास्टिंग ४८, म्हणजे फारच खाली. कॅन्सर तेव्हा यकृतात पोचला होता. जेवण दोन चमचे पेजेवर आलेलं, शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र रोज वेळेवर जात होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती बघत नाही. त्या पहाटे आजी घामाने भिजली होती आणि आईलाच विचारत होती, ‘तू कोण गं?’ साखरपाणी पाजून तिला सावरलं.

दुपारी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरबाई घरी आल्या. त्यांनी आधी आजीची बोटं हातात घेतली. टोचून टोचून टोकांवर बारीक काळे ठिपके पडलेले. म्हणाल्या, ‘शुगर काटेकोर ठेवतो ती पुढची दहा-वीस वर्षं डोळे, किडन्या शाबूत राहाव्यात म्हणून. आजींना आता आजचा दिवस बरा जायला हवा.’

म्हणजे आकडा फार खाली नको, आणि तहान-लघवीने जीव हैराण होईल इतका वरही नको. ‘डायबेटिस यूके’ या ब्रिटिश संस्थेच्या मार्गदर्शनात अशा रुग्णांना ६ ते १५ मिलिमोलची मुभा आहे. आपल्या मीटरवर साधारण १०८ ते २७०.

गोळी थांबली. सकाळी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू होतं. त्याने शुगर दुपारनंतर चढते, म्हणून दिवसातून एकदाच, संध्याकाळच्या जेवणाआधी बोट टोचून शुगर बघायचं ठरलं.

आजीचा मधुमेह टाइप २. टाइप १ असेल तर खाणं सुटलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, हे घरच्यांना माहीत असायलाच हवं. ते बंद केलं तर रक्तात आम्ल साचतं, उलट्या होतात, धाप लागते. मात्रा किती कमी करायची, ते डॉक्टरच ठरवतात.

आईला गोळी थांबवणं जड गेलं. ‘गोळी बंद केली म्हणजे आपण हात टेकले असं नाही ना?’ तिने दोनदा विचारलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे ‘नाही’ म्हटलं.

शेवटचे नऊ दिवस मीटर कपाटात होतं. वही मात्र आईने सोडली नाही. फास्टिंगच्या रकान्यात लिहिलंय: ‘शिरा तीन चमचे. साखर घालून.’ पीपीच्या रकान्यात: ‘शांत झोपल्या.’