तोंडाला लागतं ते आपलं

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीच्या सुट्टीचे बेत घरोघरी सुरू झाले असतील. आपल्या सांगलीकरांच्या सहलीच्या यादीत हल्ली वाडी, गणपतीपुळ्याच्या जोडीला एक नवं प्रकरण आलंय. स्कूबा! म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राखाली फिरून यायचं. कुणी मालवण-तारकर्लीला जातं, कुणी थेट अंदमानला. आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले आजोबासुद्धा मागच्या वर्षी माशांच्या घोळक्यात अंगठा दाखवत फोटो काढून आले. खरं तर पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ होतो, ‘मला वर न्या’. सगळं झकास चाललंय हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. पण असो, फोटो छान आलाय.

तर प्रश्न असा, की सोबत काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं? माझं उत्तर एका ओळीचं आहे. तोंडाला लागतं ते आपलं, पाठीला लागतं ते त्यांचं. त्यांचं म्हणजे स्कूबा केंद्राचं. परत सांगतो. तोंडाला लागतं ते आपलं, पाठीला लागतं ते त्यांचं.

पाठीला काय लागतं? टाकी. ती अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामीच चौदा किलोच्या घरात जाते. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो, जवळजवळ तेवढं नुसतं टाकीचं वजन. आणि कृपा करून तिला ऑक्सिजनची टाकी म्हणू नका. तिच्यात तुमच्या-माझ्या नाकातली साधीच हवा असते, फक्त दाबून भरलेली. टाकी आणि पाण्याखाली राहायला कमरेला बांधायचं शिसं कुणीच घरून नेत नाही, ते केंद्रावरच मिळतं. पहिल्यांदाच जाणार असाल, तर पोहण्याचे कपडे आणि टॉवेल याउपर काही नेऊ नका. पण कोर्स केलाय आणि स्वतःचं सामान जमवलंय, अशांचं अवघड असतं. माझंच सांगतो.

मी तारकर्लीला कोर्स केला तो चाळिशी ओलांडल्यावर. तोवर माझं पाणी म्हणजे कृष्णा. माई घाटावर पाठीला भोपळा बांधून शिकलो, तो थेट पैलतीर गाठण्यापर्यंत. कार्ड हातात आलं आणि अंगात वारं शिरलं. मुंबईत एक जण आपलं सगळं जुनं सामान विकत होता, ते उचललं. टाकी अडकवायचं जॅकेट, रेग्युलेटर, पायातले फिन्स, अंगाला घट्ट बसणारा वेटसूट, खोली आणि वेळ मोजणारा मनगटावरचा कॉम्प्युटर. मास्क तेवढा नवा कोरा घेतला. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून एक पातळ थर आलेला असतो, तो काढला नाही तर पाण्यात काच धुरकटते. म्हणून पांढरी टूथपेस्ट लावून तीनदा घासला, लहान बाळाला न्हाऊ घालावं तसा. हे सगळं केलं आणि फेब्रुवारीची अंदमानची तिकिटं काढली.

तिकिटावर लिहिलेलं, सामान पंधरा किलो. माझ्या घरी वजनकाटा नाही. (माणसानं घरात वजनकाटा ठेवूच नये असं माझं मत आहे, रोज सकाळी कशाला तोंड पाडून घ्यायचं.) मग मामाची आठवण झाली. मार्केट यार्डात मामाची हळदीची अडत आहे. आता फेब्रुवारी म्हणजे नव्या हळदीची आवक. यार्डात पाय ठेवला की नाकात हळद, भुवयांवर हळद, चहाच्या कपातसुद्धा हळद. माझी बॅग काही बंद होत नव्हती, फिन्स बाहेर डोकावत होते आणि मास्क वर तसाच ठेवलेला. हमालानं बघितलं, एक रिकामं पोतं झटकलं, माझा सगळा संसार त्यात ओतला आणि पोतं काट्यावर ठेवलं. तेवीस किलो चारशे ग्रॅम!

मामानं सवयीनं चिठ्ठीवर वजन लिहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाला, “भाव काय काढायचा ह्याचा?”

मी म्हणालो, “मामा, पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र आहे हे.”

“लेका, कृष्णेत जन्म गेला तुझा. तवा काय श्वास न घेता पवत हुतास?”

घरी आलो. आठ किलो चारशे ग्रॅम कमी करायचं होतं. बायकोची बॅग आधीच काठोकाठ, तिथं शिरकाव नाही. तिनं मला समोर बसवलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, “तिकडं मिळतं का?”

जॅकेट? मिळतं, भाड्यानं. “ठेव घरी.” फिन्स? मिळतात. “ठेव घरी.” रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र. इथं मी अडून बसलो. तोंडात धरायची वस्तू, ती आपलीच हवी! तिनं विचारलं, “ह्याचं सर्व्हिसिंग कधी झालंय?” आता जुन्या बाजारातून आणलेला तो, मला काय माहीत. ती म्हणाली, “गाडी घाटात न्यायची तर आपण आधी मेस्त्रीला दाखवतो. हे तोंडात धरून साठ फूट खाली जाणार तू?” रेग्युलेटरही घरी राहिला. मग तिनं भडंगाच्या पिशव्या उचलल्या. दोन किलो भडंग! मी म्हणालो, “हे तरी काढ.” ती शांतपणे म्हणाली, “तिकडं मिळतं का?”

श्रोतेहो, भडंग अंदमानला गेलं.

स्वराजद्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून समुद्रात. सूट चढवला, मास्कमध्ये थुंकून काच चोळली. नाक मुरडू नका, सगळे तेच करतात, त्यानं काचेवर वाफ धरत नाही. मग पाण्यात उडी. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं काय पाहिलं ते सांगायला बसलो तर हा कार्यक्रम पुढच्या बातम्यांत घुसेल. वर आलो, होडीत चढलो, मास्क काढला, आणि अख्खी होडी माझ्याकडं बघायला लागली. कुणी हसू दाबतंय, कुणी कोपरानं शेजाऱ्याला ढोसतंय. आमच्याबरोबर एक बंगाली काका होते. त्यांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आणून निरखून बघितलं आणि आनंदानं ओरडले, “गाये होलूद!”

म्हणजे काय, तर हळद लागलीये! त्यांच्याकडंही लग्नाआधी हळद लावतात, तिला ते गाये होलूद म्हणतात. पोत्यातली हळद मास्कच्या सिलिकॉनला चिकटली होती. काच मी घासघासून लख्ख ठेवली, पण कडेचं सिलिकॉन बघायचं सुचलं नाही. पाणी लागलं, आणि कपाळापासून मिशीपर्यंत चेहऱ्यावर पिवळंधमक रिंगण! बायको शेजारीच बसलेली. काकांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “दुसरं?”

तिनं पिशवी उघडून सगळ्या होडीला भडंग वाटलं.

हं. तर मुद्दा काय होता? तोंडाला लागतं ते आपलं. मास्क आपला न्यावा, कारण प्रत्येकाच्या तोंडाची ठेवण वेगळी. दुकानात पट्टा न लावता तो नुसता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हवा ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला, तर तो तुमचा. चष्मा असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क घ्या, नाहीतर समुद्राच्या तळाशी जाऊन धुकं बघून याल. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं. नाकाखालची मिशी बोटभर रुंद कापली तर काम भागतं, पण सांगलीत हा सल्ला उघडपणे द्यायला मी धजत नाही. वेटसूट तोंडाला लागत नाही, तरी तो आपला असावा या मताचा मी आहे. अंदमानच्या कोमट पाण्याला तीन मिलिमीटर जाडीचा पुरतो. भाड्याच्या सूटमध्ये आधीच्या माणसानं पाण्याखाली काय केलं असेल, ते मी जेवणाच्या वेळी सांगत नाही. कॉम्प्युटर आपला, कारण तुम्ही कालपासून किती खोल आणि किती वेळ होता हे त्याच्याच लक्षात असतं. रेग्युलेटर वेळच्या वेळी तपासून घेतलेला असेल तर न्या, नसेल तर भाड्याचा बरा. टॉर्चच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत, चाकू मोठ्या बॅगेत. उलट केलंत तर विमानतळावर खोळंबा ठरलेला.

कोर्सचं कार्ड विसरू नका. आणि दमा, बीपी असलं काही असेल तर डॉक्टरांची सही इथूनच घेऊन निघा. केंद्रावर प्रकृतीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात एका प्रश्नाला ‘हो’ लिहिलंत आणि कागद जवळ नसला, की बाकीचे पाण्यात आणि तुम्ही होडीत चपला सांभाळत.

आणि एक गोष्ट बॅगेत नाही, वेळापत्रकात भरायची. शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. एकच डाइव्ह केला असेल तर किमान बारा तास, रोज करत असाल तर किमान अठरा तास थांबायचं. पाण्याखाली दाबानं नायट्रोजन अंगात मुरतो. घाईनं उंचावर गेलं, की गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं तसं अंगात होतं. आपल्या लोकांच्या डोक्यात हे फक्त विमानापुरतं असतं. पण मालवणहून सांगलीला येताना घाट लागतोच की! आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटर उंच. सकाळी समुद्राच्या तळाशी, दुपारी आंबोलीत भजी, हे बरं नाही. शेवटचा डाइव्ह आणि घाट यांच्यामध्ये एक मुक्काम टाका. पुन्हा सांगतो, मध्ये एक मुक्काम. मालवणात सोलकढी प्या, घाट कुठं जात नाही.

माझ्या मास्कची कड अजून पिवळीच आहे. साबण, लिंबू, ऊन, सगळं करून झालं. ह्या दिवाळीत आम्ही तारकर्लीला निघालोय आणि मामा म्हणतोय मी पण येणार. वय अडुसष्ट, डॉक्टरांची सही घेऊन आलाय. मिशीबद्दल मी भीतभीत विषय काढला, तर म्हणाला, “मास्क दुसरा बघ.” आणि परवा त्याचा फोन आला होता. वजन करायला या म्हणतोय, ह्यावेळी धुतलेलं पोतं बाजूला काढून ठेवलंय.

नमस्कार.