वारा नसलेला समुद्र

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या पावसात आलेल्या श्रोत्यांनो,

पत्रिकेत विषय छापलाय : ‘आरंभीच्या राजांच्या इतिहासाचं साधन म्हणून नॉर्स सागा’. विषय मीच कळवला होता, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? नॉर्स म्हणजे नॉर्वे, स्वीडन, आइसलंडकडचे जुने लोक. सागा म्हणजे सांगितलेलं, त्यांच्या भाषेतल्या ‘सांगणे’ या धातूवरूनच आलेला शब्द. आपल्या ‘सांगा’शी त्याचं साम्य योगायोगाचं आहे. कृपया त्यावर कोणी लेख लिहू नका. मागे एकाने लिहिला होता, आणि तो मला वाचावा लागला.

सुरुवातीला थोडं गाऱ्हाणं. याच विषयावर मी पूर्वी एका गावी बोललो. गावाचं नाव सांगत नाही, सासुरवाडी आहे. मंचामागे हा मोठा फलक, त्यावर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला दाढीवाला, आणि त्याच्या खाली माझं नाव. बघणाऱ्याला वाटावं, मीच तो. अहो, व्हायकिंग काळातलं शिंगवालं शिरस्त्राण आजवर एकही सापडलेलं नाही. ती शिंगं 1876 साली जर्मनीत बायरॉइटला वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेरासाठी शिवलेल्या पोशाखांनी जगभर पोचवली. हे मी तिथे पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी पहिल्या रांगेतले एक काका उठले आणि म्हणाले, “ते सगळं ठीक, पण हे राजे खरे होते का?”

त्या प्रश्नाचा मला तेव्हापासून राग आहे. बखरींवर वाढलेल्या माणसांनी तरी तो असा विचारू नये.

तर स्नोरी. स्नोरी स्टुर्लुसन, जन्म 1179, आइसलंडचा. मोठा जमीनदार, दोनदा तिथल्या सभेचा ‘कायदा सांगणारा’ अधिकारी, कवी, आणि भांडकुदळ. 1230 च्या आसपास त्याने नॉर्वेच्या राजांचा इतिहास रचला, ‘हेइम्सक्रिंगला’. त्यातली पहिली सागा स्वीडनच्या इंग्लिंग घराण्याची, कारण नॉर्वेचे राजे आपलं मूळ तिथे सांगत. मूळ पुरुष कोण, तर ओडिन, नॉर्स लोकांचा थोरला देव. हा स्नोरीच्या हिशेबी देव नाहीच, डॉन नदीच्या पूर्वेकडून, आशियातून आलेला एक सरदार. देवांचं नाव ‘एसिर’ आणि खंडाचं ‘आशिया’, झालं, जुळलं! (हशा) हसू नका, हा छंद आपल्याकडेही तेजीत आहे. मग न्योर्ड, मग फ्रेय. फ्रेय मेला तेव्हा लोकांना कळू दिलं नाही. टेकाडासारखी समाधी बांधून त्याला आत ठेवलं आणि तीन खिडक्यांतून तीन वर्षं सारा ओतत राहिले : एकीतून सोनं, दुसरीतून चांदी, तिसरीतून तांबं. सुबत्ता टिकली म्हणून लोकही खूश. मेलेल्या राजाला कर भरणारी प्रजा! मी आयकर भरताना दर वर्षी या खिडक्या आठवतो.

फ्रेयचा मुलगा फ्योल्निर. याच्यावर माझं विशेष प्रेम आहे, तेव्हा थोडा वेळ द्या. डेन्मार्कमध्ये लेय्रेला राजा फ्रोडी राहायचा, दोघांची दाट मैत्री. फ्रोडीने मेजवानी दिली. त्याच्या वाड्यात मधाच्या दारूचं एक पिंप होतं, पिंप कसलं, दोन पुरुष उंचीचा हौदच म्हणा, जाड ओंडक्यांचा. तो तळघरात. वरच्या माळ्याच्या जमिनीला भोक ठेवलेलं, तिथून दारू ओतायची. रात्री फ्योल्निरला शेजारच्या माळ्यावर झोपवलं. अपरात्री त्याला लघवीला लागली. उठला, सज्जात गेला, काम उरकलं. परत येताना, झोप डोळ्यांवर आणि दारू डोक्यात, एक दार चुकला. आपल्या माळ्याऐवजी पलीकडच्या माळ्यावर शिरला, पाय घसरला, आणि थेट भोकातून पिंपात. संपला. स्वीडनचा राजा!

आता गंमत बघा. स्नोरी ही गोष्ट सांगून झाल्यावर पुरावा म्हणून एक कडवं देतो. कवी थ्योडोल्फ, नवव्या शतकातला मानला जाणारा, काव्याचं नाव ‘इंग्लिंगाताल’. आठ ओळी. त्यांत काय आहे? फ्रोडीच्या घरी फ्योल्निरचं मरण ओढवलं, आणि ‘बैलाच्या भाल्यांच्या वारा नसलेल्या समुद्राने’ राजाला गिळलं. बैलाचे भाले म्हणजे शिंगं, पिण्याची. शिंगांतला समुद्र म्हणजे मद्य. आणि वारा नसलेला, कारण पिंपात लाटा कुठून येणार? कूट आहे, आणि फार सुंदर कूट आहे. पण यात माळा कुठे आहे? सज्जा? लघवी? काहीच नाही. ते स्नोरीचं. (कोणीतरी : म्हणजे खोटं?) बघा, आलेच काका इथेही.

बाकीचे राजे भराभर सांगतो. स्वेय्ग्डिर एका खुज्याच्या मागे दगडात शिरला, दगड बंद झाला. डोमाल्डीला दुष्काळात प्रजेनेच बळी दिला. अग्नीला त्याच्याच गळ्यातल्या सोन्याच्या हाराने फाशी लागली. (हा अग्नी आपला नव्हे.) दागला चिमणीची भाषा कळायची, तो एका गुलामाने फेकलेल्या गवत उचलायच्या दाताळ्याने मेला. आउनने दीर्घायुष्यासाठी नऊ मुलगे ओडिनला वाहिले आणि शेवटी तान्ह्या बाळासारखं शिंगातून दूध पीत राहिला. आडिल्सचा घोडा देवळाभोवती अडखळला, राजाचं डोकं दगडावर आपटलं. एकजण गलबताच्या डोलकाठीच्या आडव्या वाशाचा फटका बसून समुद्रात. आणि डोमार? डोमार अंथरुणात मेला. त्याच्याविषयी स्नोरीजवळ सांगायला फारसं काही नाही.

स्नोरी म्हणतो की या काव्यात तीस पूर्वजांची नावं आहेत, प्रत्येकाचं मरण आणि पुरल्याची जागा आहे. पराक्रमांची यादी आहे, असं तो म्हणत नाही. मरण आणि जागा. माझं सगळं म्हणणं याच दोन शब्दांत...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे पत्रिकेत छापलेल्या विषयावरचं भाषण आता सुरू करतो.

एक. स्नोरीने प्रस्तावनेत कसोटी दिलीय : राजासमोर किंवा त्याच्या मुलांसमोर गायलेली स्तुतिकाव्यं विश्वासार्ह, कारण ऐकणाऱ्या सगळ्यांना खोटं ठाऊक असलेले पराक्रम त्याच्या तोंडावर गाण्याची हिंमत कोणी करणार नाही. ती स्तुती नव्हे, थट्टा होईल. कसोटी हुशार आहे, पण ती जिवंत राजापुरती. पिंपातला राजा ऐकायला बसला नव्हता. आणि स्नोरी स्वतः नॉर्वेच्या दरबारात स्तुतिकाव्यं पोचवणारा माणूस, त्याला दोन्ही बाजू माहीत होत्या.

दोन. म्हणून पद्य आणि गद्य वेगळं करा. पद्याचं वृत्त आणि कूट इतकं घट्ट विणलेलं की एक शब्द ढळला तर ऐकू येतं. गद्य मात्र दर सांगणाऱ्याबरोबर सैल होतं. डॅनिश इतिहासकार साक्सो, साधारण 1200 च्या सुमाराचा, हीच पिंपाची गोष्ट सांगतो, पण त्याच्याकडे बुडणारा राजा हुंडिंग आहे आणि मेजवानी मित्र मेल्याच्या खोट्या बातमीवरून दिलेल्या तेराव्याची. म्हणजे पिंप कायम, राजा बदलला. 1991 साली क्लाउस क्राग या नॉर्वेजियन अभ्यासकाने तर इंग्लिंगातालच बाराव्या शतकातलं, असं मांडलं. तेव्हापासून वाद चालू आहे. मला ते पटत नाही, पण त्यासाठी वेगळं व्याख्यान द्यावं लागेल, मानधनासकट.

तीन, आणि हे महत्त्वाचं. बाहेरचा साक्षीदार शोधा. ‘बेओवुल्फ’ हे इंग्लंडमधलं जुनं काव्य, हस्तलिखित इसवी सन 1000 च्या आसपासचं, स्नोरीच्या हाती पडण्याचा संभव जवळजवळ नाही. त्यात स्वीडनचे ओह्थेरे, ओनेला आणि एआड्गिल्स आहेत. सागांत ओत्तर, आली आणि आडिल्स. तीच माणसं, तेच भांडण. त्याच काव्यातला हिगेलाक राजा गॉलवर, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, चढाई करून मारला गेला, आणि ती चढाई तिथल्याच टूर गावच्या बिशप ग्रेगरीने सहाव्या शतकात लिहून ठेवलीय. म्हणजे आडिल्सला सहाव्या शतकाच्या आसपास उभं करता येतं. फ्योल्निरला नाही येत. काका, हे उत्तर समजा : सगळे राजे एका रांगेत बसलेले नाहीत.

चार. ही वंशावळ कोणाला हवी होती? आरी थोर्गिल्सन या आइसलंडच्या पाद्र्याने 1122 ते 1133 च्या दरम्यान देशाचा छोटा इतिहास लिहिला. शेवटी वंशावळ : पहिला इंग्वी, तुर्कांचा राजा. दुसरा न्योर्ड, स्वीडनचा राजा. तिसरा फ्रेय. चौथा फ्योल्निर. असं उतरत उतरत तीसच्या वर पिढ्या, आणि अगदी तळाशी, शांतपणे : “आणि माझं नाव आरी.” त्या वेळी नॉर्वेचे राजेही हीच पाळंमुळं सांगत होते. एका खेडवळ बेटावरच्या पाद्र्याने राजांच्याच पिढ्या लावून घेतल्या.

स्नोरीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. 1241 चा सप्टेंबर, रेय्क्होल्ट, स्नोरीचं घर. नॉर्वेचा राजा होकोन याचं फर्मान घेऊन स्नोरीचाच पूर्वाश्रमीचा जावई गिस्सुर माणसं घेऊन आला. स्नोरी तळघरात लपला. एकाने दुसऱ्याला वार करायला सांगितलं. “घाव घालू नको,” स्नोरी म्हणाला. घातला. ही हकिकत लिहून ठेवली ती त्याच्याच पुतण्याने, स्टुर्ला थोर्डार्सनने, साध्या गद्यात, आणि तीत एकही कूट नाही.

दिवे मिचकावताय, बघितलं मी. उतरतो.